मावळे सहा, सोंगट्या सोळा

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे किती असावेत, याचा नियम कुणी केलेला नाही. घरात असतील तेवढे. त्यात मागच्या वर्षी भाला मोडलेला एक असतो, रंग उडालेला एक असतो आणि बाकीच्यांपेक्षा दुप्पट उंचीचा एक असतोच असतो. आपल्यासारख्या बाहेरदेशी राहणाऱ्यांच्या फौजेला आणखी एक मर्यादा आहे, ती म्हणजे तेवीस किलोंची बॅग. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि आजीने शिवलेली दुपटी यांतून जागा उरली, तर मातीचे मावळे मोज्यांत गुंडाळून विमानात बसतात. गार्चिंगला आमच्या घरी असे सहा सुखरूप पोचले आहेत. बाल्कनीतल्या किल्ल्यावर हिरवळीची अडचण मात्र इथे येत नाही. सुपरमार्केटमध्ये 'क्रेसे' नावाने छोट्या डब्यांत जे उगवून मिळतं, ते आपलं हळीवच.

हे सहा मावळे इथे सांगण्याचं कारण असं, की हा लेख फौजेच्या आकाराबद्दल आहे. आपल्या मंडळातली बरीच मुलं आता टेबलावर युद्धं खेळतात. देशात बसून हा अंक वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी थोडं सांगते. बोटभर उंचीचे सैनिक विकत घ्यायचे, चिकटवायचे, रंगवायचे, टेबलावर डोंगर आणि पडक्या भिंती मांडायच्या, फूटपट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे आणि लढाईचा निकाल फाशांवर लावायचा. यातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ 'वॉरहॅमर ४०,०००'. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने तो १९८७ साली काढला. प्रत्येक सैनिकाची किंमत गुणांत ठरलेली असते आणि दोघांनी सारख्याच गुणांची फौज उभी करायची असते. मोठ्या सामन्याला साधारण २००० गुण लागतात. म्हणजे प्रत्येकी कित्येक डझन सैनिक, त्यांच्या खरेदीला बराच पैसा, रंगवायला काही महिने आणि खेळायला अख्खी दुपार.

हे खेळणाऱ्या मुलांत आणि त्यांच्या बाबांतही एक वाद सतत चालू असतो. फौज लहान केली तर सामना जास्त बरोबरीचा होतो का? बरेच जण म्हणतात, होतो. मी शाळेत इतिहास शिकवत असे. आता दर रविवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चार-पाच मुलं जमतात, तेव्हा पंचाचं काम माझ्याकडे असतं. त्या खुर्चीवरून मला या प्रश्नाचं उत्तर थोडं वेगळं दिसतं.

बरोबरी कुणाला हवी असते?

आपण राहतो त्याच देशात या खेळाची पाळंमुळं आहेत. ब्राउनश्वाइगच्या हेल्विग यांनी १७८० साली बुद्धिबळाचा पट पसरून त्याचा युद्धाचा खेळ केला. पुढे प्रशियात फॉन राइसवित्स नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली राजाला टेबलावरचा एक युद्धखेळ सादर केला, आणि त्यांच्या लष्करात असलेल्या मुलाने १८२४ साली तो नकाशावर आणून नियमांसह छापला. हाच 'क्रीगश्पील'. सेनापती म्यूफलिंग यांना तो इतका पटला, की त्यांनी सैन्यात त्याची शिफारस केली.

या क्रीगश्पीलमध्ये दोन्ही बाजू सारख्या असाव्यात असा आग्रह नव्हता. पंच एकाला मोठी फौज देई आणि दुसऱ्याला तुटपुंजी. अधिकाऱ्याने आहे त्या परिस्थितीत काय करायचं, ते शिकावं, एवढाच हेतू. खऱ्या लढाईत कोण कुणाला मोजून फौज देतो?

बरोबरीची गरज लढाईला नसते, ती असते पाहुण्यांना. दोन मुलं टेबलाशी बसली, की दोघांनाही आपण जिंकू शकतो असं वाटलं पाहिजे. नाहीतर पुढच्या रविवारी एकच मूल येतं. मागच्या हिवाळ्यात नागपूरहून नुकतंच इथे आलेलं एक मूल आमच्याकडे आलं होतं. त्याला जर्मन येत नव्हतं आणि त्याची स्वतःची फौज नव्हती. मोठ्या मुलांनी आपल्यातले सैनिक देऊन त्याच्यासाठी २००० गुण उभे केले, सगळं प्रेमाने. या खेळात आधी एकाची सगळी फौज हलते आणि लढते, मग दुसऱ्याची. समोरच्याची पाळी संपेपर्यंत या मुलाचे तिसरा हिस्सा सैनिक टेबलावरून उचलले गेले होते. त्याने स्वतः अजून एकही फासा टाकला नव्हता. पुढचे दोन रविवार ते आलं नाही. गुण दोघांचे सारखेच होते, पण त्याला बरोबरी म्हणता येणार नाही.

लहान फौजेचा फायदा आणि तोटा

मग फौज लहान करून पाहू. पहिला फायदा उघड आहे. पहिल्याच पाळीत होणारी कत्तल कमी होते. लहान लढायांसाठी केलेल्या 'किल टीम'सारख्या खेळांत तर एक सैनिक याचा, एक त्याचा असं आळीपाळीने हलवतात, त्यामुळे कुणालाच अर्धा तास बघत बसावं लागत नाही. खर्च कमी, रंगवणं कमी, आणि नियम सांगायलाही वेळ कमी लागतो.

पण फाशांचं गणित उलटं चालतं. समजा, प्रत्येक सैनिकाचा वार लागण्याची शक्यता निम्मी आहे. पाच सैनिकांसाठी पाच फासे टाकले, तर पाचांपैकी एकच वार लागणं किंवा एकही न लागणं, हे १०० पैकी जवळजवळ १९ वेळा घडेल. पन्नास सैनिकांचे पन्नास फासे टाकले, तर तेवढंच वाईट दान, म्हणजे दहा किंवा त्याहून कमी वार, लाखात एखाद्या वेळी पडेल. मोठ्या फौजेत चांगली-वाईट दानं एकमेकांना सांभाळून घेतात, एकत्र कुटुंबासारखी. लहान फौजेत एक दान बिघडलं की संसार उघड्यावर. म्हणून लहान फौजेच्या खेळात दुबळा खेळाडूही कधीकधी जिंकतो. मुलांना ते आवडतं, पण त्याला समतोल म्हणणं कठीण आहे. तो नशिबाचा वाटा वाढल्याचा परिणाम आहे.

दुसरा तोटा निवडीचा. मोठ्या फौजेत सगळ्यासाठी काही ना काही असतं. रणगाडा आला तर तोफ आहे, घोडदळ आलं तर भालेकरी आहेत. सहाच सैनिक असले आणि समोरून चिलखती राक्षस आला, की त्याच्यावर उपाय एक तर जवळ असतो किंवा नसतो. सामना मांडण्याआधीच निकाल लागलेला असतो. शिवाय गुणांची किंमत ठरवताना एखादा सैनिक स्वस्त लावला गेला असेल, तर मोठ्या फौजेत ती गफलत लपते. लहान फौजेत तो एकटा सैनिक म्हणजे अर्धी फौज असतो.

तिसरी गोष्ट टेबलाची. फौज निम्मी केली आणि टेबल तेवढंच ठेवलं, तर मोकळी जागा वाढते आणि वेगवान सैनिकांचं फावतं. फौजेबरोबर टेबलही लहान केलं, तर दाटी पूर्वीइतकीच राहते. त्यामुळे 'लहान फौज' म्हणताना लहान कशाच्या मानाने, हेही सांगावं लागतं.

ज्यांनी लहान फौजेचा विचार नीट केला, त्यांनी नुसती संख्या कमी केली नाही. १९९० साली ब्रिटनमध्ये निघालेला 'डे बेलिस अँटिक्विटाटिस' हा प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचा खेळ पाहा. त्यात कुठलीही फौज असो, तिच्या बरोबर १२ तुकड्या. तासाभरात लढाई संपते. पण एक बाजू चढाई करणारी ठरते आणि दुसरी बचाव करणारी, आणि डोंगर-नाले मांडण्याचा हक्क बचाव करणाऱ्याला मिळतो. म्हणजे समतोल साधायचा तर फौजेबरोबर जमीनही वाटून द्यावी लागते. हे आपल्याला नवीन नाही.

खिंडीचं गणित

लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियरने पहिल्या महायुद्धाच्या काळात लढायांचं गणित मांडलं. १९१६ साली त्याचं पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मोकळ्या मैदानात, जिथे प्रत्येक जण कुणावरही नेम धरू शकतो, तिथे फौजेची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. पाच जणांविरुद्ध तितकेच चांगले तीन जण उभे राहिले, तर पाचांचा वर्ग पंचवीस, तिनाचा नऊ, वजाबाकी सोळा, आणि सोळाचं वर्गमूळ चार. म्हणजे तिघेही पडतात आणि पाचातले चार उरतात. तिघांनी जीव देऊन एकच गडी टिपला. पण जिथे एका वेळी एकासमोर एकच उभा राहू शकतो, तिथे साधी वजाबाकी चालते. पाचातून तीन गेले, उरले दोन.

हे वाचलं आणि मला लँचेस्टर बाजूला ठेवून घोडखिंड दिसली. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, पावसाळी रात्र, महाराज विशाळगडाकडे निघालेले आणि मागे सिद्दी मसूदची फौज. परंपरा सांगते, की बाजीप्रभू देशपांडे यांनी सुमारे तीनशे मावळ्यांसह खिंड धरली आणि महाराज गडावर पोचल्याची तोफ होईपर्यंत ती सोडली नाही. शाळेत मी हा धडा शौर्याचा म्हणून शिकवत असे. तो शौर्याचा आहेच. पण त्यात फार बारीक हिशेबही आहे. खिंडीने वर्गाचं गणित मोडून वजाबाकीचं केलं. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या दिवशीची जीत-हार शत्रूची फौज संपवण्यावर नव्हतीच, ती वेळेवर होती. बाजींना मसूदला हरवायचं नव्हतं, थांबवायचं होतं. दोन्ही बाजूंची कामंच वेगळी ठेवली, की संख्या सारखी असण्याची गरज उरत नाही.

हाच धागा धरून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोडखिंड मांडली. मावळे होतेच, सहा. पाठलागाची फौज आणायची कुठून? ती इथल्या प्रत्येक घरात असते. 'मेन्श एर्गेरे डिश निश्त' या खेळाच्या चार रंगांच्या सोळा सोंगट्या. हा खेळ आपल्याच म्युनिकमध्ये, १९०७-०८ च्या हिवाळ्यात श्मिट नावाच्या गृहस्थांनी रचला, आणि त्याचं मूळ आपल्या पचीसीत आहे. तेव्हा सोळा सोंगट्यांचं माहेर तिकडचंच म्हणायचं.

खेळ असा. पुस्तकांच्या दोन चळती समोरासमोर ठेवायच्या, मध्ये चार बोटं वाट. एका वेळी दोन्हीकडचे दोनदोनच पुढे उभे राहतात. प्रत्येक फेरीत समोरासमोरच्या जोडीने एकेक फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा तो राहिला, दुसरा उचलायचा. सारखे पडले तर दोघे राहिले. पडलेल्याच्या जागी मागचा पुढे येतो. एकच मावळा उरला, तर फेरीत एकच लढत होते. सगळे मावळे पडेपर्यंत किती फेऱ्या झाल्या, ते मोजायचं.

सहा आणि सोळा ही विषम लढाई आहे, हे पहिलीतलं मूलही सांगेल. मोकळ्या मैदानात लँचेस्टरच्या हिशेबाने सोळातले जवळजवळ पंधरा उरले असते. खिंडीत दहा उरतात. आणि या नियमांनी हिशेब केला, तर सहा मावळे सरासरी आठ फेऱ्या खिंड धरतात. म्हणून सातवी फेरी संपली की तोफ, असं ठरवलं तर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच संधी मिळते. मावळ्यांचं पारडं किंचित जड राहतं, ते राहू द्यावं. दिवाळी आहे.

नुसते फासे टाकून मोठ्या मुलांना कंटाळा येतो, म्हणून दोन निर्णय घातले. मावळ्यांत एक बाजी. तो लढताना दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो, पण एकदा पुढे आला की मागे जात नाही. त्याला केव्हा पुढे काढायचं, ते मुलाने ठरवायचं. पाठलाग करणाऱ्यालाही सबंध खेळात तीन वेळा आपला फासा पुन्हा टाकायची मुभा. बघता बघता टेबलाभोवती कुजबूज सुरू होते: आता काढू का बाजीला, की अजून एक फेरी थांबू?

बाजू बदलणे

तरी एक भांडण उरलंच. तोफ सातव्या फेरीनंतर का, आठव्या का नाही? आणि दुसरं, "मी मसूद होणार नाही."

पहिल्या भांडणाचं उत्तर आपल्या फराळाच्या ताटात आहे. शेवटची करंजी दोन भावंडांत कशी वाटायची? एकाने मोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची. मोडणारा आपोआप बरोबर मध्ये मोडतो. तसंच इथे. एकाने तोफेची फेरी ठरवायची, दुसऱ्याने कुठल्या बाजूने खेळायचं ते निवडायचं. त्याहून सरळ मार्ग म्हणजे तोफच काढून टाकायची आणि दोन डाव खेळायचे. एकदा मी मावळे, एकदा तू. ज्याने जास्त फेऱ्या खिंड धरली तो जिंकला. मग मावळे सहा असोत की पाच, सोंगट्या सोळा असोत की बारा, तक्रारीला जागाच नाही. विषमता दोघांच्याही वाट्याला सारखी आली.

बुद्धिबळाने हे कधीच ओळखलं आहे. तिथे दोन्ही फौजा प्याद्यापासून राजापर्यंत अगदी सारख्या, तरी पहिली चाल पांढऱ्याची असल्याने मोठ्या खेळाडूंच्या डावांत पांढऱ्याला १०० पैकी साधारण ५४-५५ गुण मिळतात. म्हणून स्पर्धेत रंग आलटूनपालटून देतात. सोळा मोहऱ्यांच्या हुबेहूब सारख्या फौजांनाही जर बाजू बदलावी लागते, तर बाकीच्या खेळांनी गुणांच्या तराजूवर किती विसंबावं?

आणि इथे लहान फौजेचा खरा उपयोग कळतो. २००० गुणांची लढाई एका दुपारी दोनदा होत नाही. दुसऱ्या डावाला तोवर कुणाची पियानोची शिकवणी असते, कुणाची शेवटची बस असते. सहा मावळ्यांचा डाव वीस मिनिटांत संपतो आणि बाजू बदलून लगेच पुन्हा मांडता येतो. लहान फौज सामना बरोबरीचा करत नाही. ती बरोबरी करायला वेळ देते. माझं उत्तर इतकंच आहे.

"मी मसूद होणार नाही" याचं उत्तर अर्थातच गणितात नव्हतं. आमच्या धाकट्याने तर रडून सांगितलं, की तो शत्रू होणार नाही, कारण तो मराठी आहे. त्याला मी एवढंच म्हटलं, की मसूदच्या बाजूने नीट खेळलं नाहीस, तर बाजींनी काय केलं ते तुला कळणारच नाही. समोर कुणीतरी खरोखर जिंकायला बसला असेल, तरच खिंड धरण्याला अर्थ आहे. तो सोळा सोंगट्या घेऊन बसला, चुरशीने खेळला, आणि सातव्या फेरीला शेवटचा मावळा उभा होता तेव्हा स्वतःच ओरडला, "आई, पडत का नाहीये हा!" वर्गात मी हा धडा अनेकदा शिकवला, पण बाजीप्रभूंविषयी इतकं मनापासून बोललेलं वाक्य मला कुणा विद्यार्थ्याकडून मिळालं नव्हतं.

नागपूरचं मूल आता दर रविवारी येतं. खिंडीच्या खेळाला जर्मन लागत नाही, फौज विकत घ्यावी लागत नाही, आणि पहिला फासा पहिल्याच मिनिटाला हातात येतो. मोठ्यांची २००० गुणांची युद्धंही चालू आहेत. ती बंद व्हावीत असं मला मुळीच वाटत नाही. महिनोन्महिने रंगवलेली फौज टेबलावर उभी राहते तेव्हा ती बघण्यासारखी असते. ज्यांना अशा देखाव्याची आवड आहे, त्यांनी कुल्मबाखच्या प्लासनबुर्ग किल्ल्यातलं कथिलाच्या सैनिकांचं संग्रहालय मुलांना जरूर दाखवावं. तिथे सुमारे ३,००,००० लहान सैनिक आहेत. एका खऱ्या किल्ल्यात मांडलेले इतके मावळे, असंच आमच्याकडे त्याचं वर्णन झालं.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत किल्ला आवरताना मावळे लगेच खोक्यात भरू नका. दोन चळती पुस्तकं, दोन फासे आणि सोळा सोंगट्या काढा. आणि देशातून येणाऱ्या आजी-आजोबांना एक विनंती. मावळे आणालच, पण बॅगेत जागा असेल तर चार-सहा सैनिक पलीकडच्या बाजूचेही आणा. आमच्याकडे त्या बाजूने खेळायलाही आता रांग लागते.